बेडकाच्या बाई

"बेडकाच्या बाई आहेत का?"

साडेचार वर्षं माझ्या घरच्या फोनवर लोक हे विचारत होते. माझं नाव प्रमोदिनी कर्णिक. कल्याणच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी बावीस वर्षं ऑपरेटर होते. तिथेही लोक शिव्या द्यायचे, नाही असं नाही, पण आधी निदान 'ऑपरेटर' तरी म्हणायचे. मग एसटीडी आलं, लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले आणि बोर्डावरच्या आम्ही बायका एकेक करून दुसऱ्या टेबलांवर गेलो. मला बिलांच्या तक्रारी ऐकायला बसवलं. दोन वर्षं ते सोसलं आणि नव्वद साली मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आता घरात फोन वाजला तर तो ह्यांनी उचलायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. हे म्हणजे माझे यजमान, प्रभाकर. ह्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे माझं ठरवणं पहिल्याच आठवड्यात निकालात निघालं.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाडीकडच्या मोठागावातून आवडाबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिचा मुलगा गुणाजी. खाडीत होडी घालण्याऐवजी त्याने आमच्या गच्चीवर डिश बसवली, तळमजल्याचा गाळा घेतला आणि केबलचा धंदा सुरू केला. ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर करत करत त्याची वायर ठाकुर्लीपर्यंत पोचली.

त्र्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या सिनेमाच्या चॅनलचा व्हीसीआर बिघडला. चॅनल कोरं दिसू नये म्हणून त्याने तिथे भाच्याचा टीव्ही गेम जोडला. कल्याणच्या बाजारात मिळायचा तसला, काळा डबा आणि त्याला वायरने लटकलेलं बटणांचं खेळणं. त्यात एक हिरवा बेडूक होता. विहिरी ओलांडायच्या, साप चुकवायचे आणि तळ्यापर्यंत जायचं. गुणाजी गाळ्यात बसून खेळत होता आणि दोनशे घरं ते बघत होती. संध्याकाळी गाळ्यासमोर ही गर्दी. प्रत्येकाला तो बेडूक स्वतःला खेळायचा होता.

त्यातून गुणाजीच्या डोक्यात ही कल्पना आली. लोकांनी घरून फोन करायचा, 'पुढे', 'मागे', 'उडी' असं सांगायचं आणि इकडे कुणीतरी बटणं दाबायची. फक्त त्याच्याकडे फोन नव्हता. नंबर लावून चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई टोपली उतरवून आमच्या दारातच बसली.

"बाय, माज्या गुण्याला तुजा फोन दे जरा. येक तासाचा तं काम हाय."

"अगं, पण बटणं कोण दाबणार?"

"तूच दाब ना. तुला तं सवय हाय."

सवय! बावीस वर्षांत मी काय बेडूक उडवत होते? पण समोर वीस वर्षांची ओळख बसली होती, आणि खरं सांगायचं तर चार वाजता मला दुसरं काही काम नसायचं. मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांत ह्याचा नंबर बराच वर लागेल.

गुणाजीने काळा डबा आमच्या बाहेरच्या खोलीत आणला. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून वायर खाली नेली. फोनलाही काहीतरी चिमटा लावला, म्हणजे फोन करणाऱ्याचा आवाज टीव्हीवर सगळ्यांना ऐकू जाईल. रिसीव्हर मान आणि खांद्यात धरायचा, दोन्ही हातांत खेळणं, डोळे टीव्हीवर. चार ते पाच, प्रत्येकाला तीन मिनिटं.

पहिल्या दिवसापासून मी एकच वाक्य बोलत होते. "टीव्हीचा आवाज कमी करा!" कारण तिकडचा टीव्ही मोठा असला की फोनमधून अशी कर्कश शिट्टी वाजायची, की ह्यांनासुद्धा ऐकू यायची. सांगून लोक ऐकत नसत. आपला आवाज टीव्हीवर येतोय ह्याचंच त्यांना एवढं अप्रूप की बेडूक बाजूला राहायचा. "आई, मी बोलतोय बघ! आई, मी!" तोवर बेडूक विहिरीत.

आणि बेडूक विहिरीत पडला की दोष कुणाचा? बाईंचा. "बाई, मी उडी म्हणालो होतो." अरे, तू म्हणालास, ते तारेतून आलं, माझ्या कानात शिरलं, मग बोटाला कळलं. एवढा वेळ जाणारच. तू काठावर येऊन उडी म्हणालास तर मी काय करू? मुलांना ते पटायचं, मोठ्यांना नाही. भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी म्हणायचं, "अहो कर्णिकबाई, काल आमचा बेडूक तुम्ही मारलात."

सगळ्यात वैताग त्र्यंबकरावांचा. हे निवृत्त हेडमास्तर, पुढच्याच गल्लीत राहायचे. "नातवाला खेळायचं आहे" म्हणून फोन करायचे आणि स्वतःच खेळायचे. नातवाचा आवाज मी कधी ऐकला नाही. त्यांचं खेळणं असं:

"नमस्कार बाई. आता असं करा, प्रथम त्याला थोडं पुढे न्या. हां. आता तिथे तो सर्प दिसतोय, तो जवळ येईपर्यंत आपण क्षणभर थांबू, आणि मग तो अगदी सन्निध आला की—"

"मेला, सर."

"कोण?"

"बेडूक."

"मी वाक्य पूर्ण केलेलं नव्हतं!"

सहा महिन्यांत सुधारणा सुरू झाल्या. गुणाजीला स्वतःचा फोन मिळाला. मला वाटलं, सुटले. तर त्याने ते यंत्रही आमच्याकडेच आणून ठेवलं. "काकी, आता दोघं दोघं खेळतील. एक हिरवा, एक लाल." म्हणजे दोन कानांना दोन रिसीव्हर, दोन हातांत दोन खेळणी, आणि दोन्हीकडून उडी-उडी. हिरव्याची उडी लालला लागली की दोन्ही घरांतून ओरडा. मग एक तासाचे दोन झाले. मग त्याने सभासदांना नंबर दिले, कारण लाइन लागत नाही म्हणून भांडणं व्हायला लागली. लोक दुसऱ्याचे नंबर सांगून खेळायला लागले, म्हणून मग नंबराबरोबर एक गुपित शब्द. तो शब्द लोक विसरायचे आणि मला विचारायचे. मी सांगितला नाही तर "बाई फार कडक आहेत", सांगितला तर "बाई कुणालाही सांगतात".

मग जाहिराती आल्या. पडद्याच्या खालच्या बाजूने पट्टी धावायची: क्लासेस, मसाले, अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. विहिरी नेमक्या त्या पट्टीखाली झाकल्या जायच्या.

"गुणाजी, पट्टी वर घे."

"वर टाइमर आहे काकी."

"मग जाहिराती बंद कर."

"त्याच्यावर तर चालतंय सगळं. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन मी नको घेऊ! शिव्या कोण खात होतं?

ह्या सगळ्या गदारोळात शालू नावाची एक मुलगी होती. दहा वर्षांची, ठाकुर्लीची. आई सरस्वती नर्स, म्हणून घरात फोन होता, तोही नवा, बटणांचा. शालू अडखळत बोलायची. पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी तीनदा "टीव्हीचा आवाज कमी करा" म्हटलं. मग "उ… उ… उ…" आणि बेडूक गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता परत तीच.

आठवड्याभरात मला तिचा श्वास कळायला लागला. ट्रंकच्या बोर्डावर तेच शिकलेलो आम्ही, माणूस बोलायच्या आधी काय बोलणार ते ओळखायला. 'उ' च्या आधी ती घशात थोडं अडायची. तेवढ्यावर मी बटण दाबायचे. बेडूक उडायचा. शालू पाचव्या विहिरीपर्यंत गेली, मग नवव्या. ती हसली की टीव्हीवर ऐकू यायचं. इतरांवर दिवसभर चिडलेली मी, ह्या तीन मिनिटांसाठी मन लावून बसायचे. कुणाला सांगितलं नाही. हे माझं स्वतःचं होतं.

पंच्याण्णवच्या गणपतीत गुणाजीने स्पर्धा ठेवली. अंतिम सामना शालू विरुद्ध त्र्यंबकराव. ते तिथवर कसे पोचले ते त्या बेडकालाच ठाऊक. आमच्या खिडकीखालच्या मंडपातही टीव्ही लावला होता, माणसं उभी राहून बघत होती. डाव्या कानाला हेडमास्तर, उजव्याला शालू. तिचा लाल बेडूक सरसर चालला होता. सातवी विहीर, आठवी. आणि त्या दिवशी घाबरल्यामुळे तिच्या तोंडून काहीच येईना. नुसता घसा. मी उडी मारली. परत मारली.

"थांबवा!" डाव्या कानात त्र्यंबकराव ओरडले आणि ते सगळ्या डोंबिवलीने ऐकलं. "ती मुलगी बोललेलीच नाही! एक अक्षर नाही! बाई स्वतः खेळतायत!"

मंडपातून आवाज झाला, तो खिडकीतून वर आला. माझं डोकं सटकलं.

"हो, मी मारली उडी!" मी म्हटलं. "तिला बोलायला त्रास होतो, म्हणून मारली. तुम्हाला बोलायला त्रास होत नाही, म्हणून तुमचे बेडूक मरतात!"

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की हेही सगळ्यांनी ऐकलं. ठाकुर्लीतही. उजव्या कानात फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर तीन दिवस गुणाजी वर आलाच नाही. आला तो ह्यांच्या पुतण्याला, विश्रामला घेऊन. विश्राम एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा. त्याच्या हातात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं एक सर्किट होतं.

"काकू, आता बोलायचीच भानगड नाही," विश्राम म्हणाला. "घरच्या फोनवर दोन दाबलं की उडी, सहा दाबलं की पुढे. टोन इथे येणार, हा डबा ओळखणार, बेडूक हलणार. मध्ये माणूस नको. पक्षपात नको. तुम्हाला आराम."

गुणाजी जमिनीकडे बघत होता. "लोक बोलतात काकी. माझा नाइलाज आहे."

आराम! एक्स्चेंजमध्ये साहेबांनी हाच शब्द वापरला होता, हसून. आता घरच्या पुतण्याने वापरला. मी चहा ठेवला, दुसरं काय करणार.

डबा माझ्याच फोनला जोडला गेला. मी माझ्याच खोलीत पाहुण्यासारखी बसायचे. त्यात आणखी वैताग असा की अर्ध्या गावात जुने, चकती फिरवायचे फोन. त्यांचा टोन येतच नाही. ते लोक चकती फिरवत बसायचे, बेडूक ढिम्म. मग सहानंतर मला फोन. "बाई, बेडूक ऐकत नाही." "तुमच्या फोनला टोन नाही." "म्हणजे काय?" दिवसाला वीस वेळा. परत तक्रारींच्याच टेबलावर. त्र्यंबकरावांचा फोनही काळा, चकतीचा. न्याय मागितला त्यांनी, आणि तो मिळाला तेव्हा ते स्वतःच बाहेर.

आणि शालू? शालू तळ्यापर्यंत पोचली. पहिल्याच आठवड्यात. लाल बेडूक असा पळायचा की पट्टीखालच्या विहिरी तिला पाठ असाव्यात. फोनमधून नुसतं टुं-टुं-टुं. मी कौतुकाने बघायचे आणि आतून जळायचे. दोन्ही एकदम होतं.

दोन महिन्यांनी सरस्वतीबाई घरी आल्या. ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतच, उभ्यानेच बोलल्या.

"कर्णिकबाई, ते पहिल्यासारखं करा. ती तुमच्याशी बोलायची हो. दिवसाला तीन मिनिटं का होईना, परक्या माणसाशी बोलायची. दुपारपासून 'उडी' म्हणून बघायची आरशासमोर. आता नुसती बोटं चालवते. शाळेत तोंड उघडत नाही, घरात उघडत नाही. निदान तिथे तरी उघडत होती."

"माझ्या हातात काही नाही," मी म्हटलं. पण रात्रभर ते आरशासमोरचं डोक्यातून गेलं नाही. ती शब्द पाठ करून यायची आणि मी तो तिच्या तोंडातच ठेवायचे.

पुढच्या वर्षी एकदा लाइट गेली आणि परत आली ती इतक्या जोराने की खालचे दोन टीव्ही गेले आणि विश्रामचा डबाही गेला. गुणाजी धावत वर आला. "काकी, डबा होईपर्यंत सांभाळा. प्लीज." मी मनात ठरवलं, आता चूक सुधारायची.

शालूचा फोन आला. नंबर, गुपित शब्द, सगळं तिने सांगितलं, वेळ लागला, मी थांबले. बेडूक पहिल्या विहिरीशी आला. घसा अडला. मला कळलं. मी बटण दाबलं नाही.

"उ… उ…"

"पूर्ण बोल बाळा. घाई नाही."

बेडूक मेला. दुसरा. मी म्हणत होते, "शांतपणे. पूर्ण बोल." तिसरा बेडूक मी काठावर आणून उभाच करून ठेवला. साप येत नाही अशी एक जागा होती, तिथे. तीन मिनिटं संपली, मी वेळ वाढवली. दुसऱ्या फोनवर लोक भडकले होते. "बाई, शाळा काढलीत का?" मी तो रिसीव्हर उताणा ठेवून दिला. सगळी डोंबिवली त्या उभ्या बेडकाकडे बघत होती.

"त… तुम्ही," शालू म्हणाली.

"बोल."

"तुम्ही म… मुद्दाम क… करताय." प्रत्येक शब्द दगडासारखा उचलून ठेवत होती. "आईने स… सांगितलं ना? आधी म… मला बोलू दिलं नाही. आता ख… खेळू देत नाही. मला ब… बोलायचं नाहीये. मला ख… खेळायचंय."

दहा-अकरा वर्षांची पोर, सगळ्या गावासमोर एवढं बोलली, आणि बोलली काय, तर मला बोलायचं नाही. तिच्या आईला हवं होतं ते झालं होतं, मला हवं होतं तेही झालं होतं, आणि तिला आमच्या दोघींचाही कंटाळा आला होता. बरोबरच होतं तिचं. मी तिचे शब्द गिळले तेही मला बरं वाटावं म्हणून आणि आता मागत होते तेही त्याचसाठी.

"माफ कर," मी म्हटलं. "कुठे जायचंय?"

"प… पुढे."

मी पुढे नेला. उडी तिने सांगितलीही नाही, मी मारली. कुणी ओरडलं नाही, किंवा ओरडले असतील, मी ऐकलं नाही.

सहा वाजता सगळं बंद करून मी विश्रामला फोन लावला.

"डबा कधी देतोयस?"

"काकू, आता इंटरनेट येतंय, ते बेडकाचं काय घेऊन बसलात? तुम्हालाच तर नको होता तो डबा."

"मला अजूनही नकोय. रविवारी ये."

त्या रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारी पार्ट मिळाला नाही म्हणाला. तिसऱ्या रविवारी मी त्याच्या घरी जाऊन बसले, जेवायची वेळ झाली तरी उठले नाही. शेवटी त्याच्या बायकोनेच त्याला सोल्डरिंगची कांडी आणून दिली. सोमवारी चार वाजता टुं-टुं-टुं सुरू झालं. सरस्वतीबाईंना मी सांगितलं, की मला हे जमणार नाही, तुम्ही तिला कुणा जाणकाराकडे न्या. त्या नाराज झाल्या. पण ठाण्याला एक बाई असं शिकवतात असं कुणीतरी सांगितलं, तिथे न्यायला लागल्या. त्याचा किती उपयोग झाला मला माहीत नाही. शालूने नंतर मला कधी फोन केला नाही, डब्याला मात्र रोज करायची. मग सातवी-आठवीत गेली आणि तेही कमी झालं.

कमी सगळ्यांचंच झालं. घरोघरी स्वतःचे टीव्ही गेम आले. पट्टी तेवढी वाढत गेली, शेवटी शेवटी तर अर्धा पडदा जाहिरात आणि वरच्या अर्ध्यात बेडकाचं डोकं. अठ्ठ्याण्णवला एका मोठ्या केबल कंपनीने गुणाजीचं जाळं विकत घेतलं आणि त्याला त्याच्याच वायरींवर सुपरवायझर केलं. त्यांच्या यादीत बेडूक बसत नव्हता. पट्टीवरच सूचना धावली: ३१ मेपासून ही सेवा बंद. शेवटच्या दिवशी सात फोन आले, त्यातले दोन राँग नंबर.

वायर काढायला गुणाजी स्वतःच आला. "काकी, तुम्हाला लय त्रास दिला."

"दिलास," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

एक जूनला चार वाजता मी जरा पडले होते. फोन वाजला. हे बाजूलाच बसले होते, अर्थातच त्यांना ऐकू आला नाही. मी उठले.

"बेडकाच्या बाई आहेत का?" कुणीतरी बाप्या माणूस होता, आवाज अनोळखी.

"बेडूक बंद झाला कालपासून."

"बंद? असा कसा बंद? कुणी ठरवलं? आम्हाला विचारलं का?"

"मलाही विचारलं नाही. पट्टी फिरत होती महिनाभर."

"पट्टी कोण वाचतं हो बाई?" तो चिडला. बराच वेळ चिडून बोलत होता, ग्राहक, हक्क, कुठे तक्रार करायची वगैरे. मी ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाला, "मग उद्या आहे का?"